गोरेगाव : एका लोकप्रतिनिधीचे गाव

प्रवासवर्णन म्हटले की काशी, रामेश्वर, निदान महाबळेश्वर तरी वाचावयास मिळावे अशी वाचकांची अपेक्षा असते. ती मी पुरी करू शकत नाही. ज्या प्रवासाची हकीकत येथे सांगावयाची आहे तो अवघा तीन-चार मैलांचा, एका सकाळी आटोपलेला, आणि ज्या गावात माझा जन्म गेला त्याच गावातला आहे. परंतु आपल्याच गावात साठ-बासष्ट वर्षे राहूनही मनुष्य ते पाहतो असे नाही. ते पहावयास मला माझ्या दहा वर्षांच्या नातवाने लावले.

झाले ते असे. शाळेने मुलांना 'आपल्या विभागातील लोकप्रतिनिधी' या विषयावर वहीची चार पाने लिहून आणावयास सांगितली होती. नातवाने सवयीप्रमाणे यंत्रावरून कोणाकोणाची छायाचित्रे काढली, ती वहीत चिकटविली, आणि मग माझ्याजवळ येऊन विचारले, "आजोबा, प्रतिनिधी म्हणजे नक्की काय?" मी तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना नागरिकशास्त्र शिकविले. पुस्तकातील व्याख्या मी झोपेतही म्हणून दाखवीन. तीच मी म्हणून दाखविली. नातवाने ती ऐकून घेतली आणि म्हणाला, "ते पुस्तकात आहेच. पण म्हणजे काय?"

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. परंतु लहानपणी आजोबांजवळ संस्कृताचे पाठ झाले आणि पुढे तो नाद सुटला नाही. त्यामुळे अडचण आली की मी शब्दाच्या मुळाशी जातो. प्रतिनिधी हा शब्द राज्यशास्त्राने घडविलेला नाही; तो यज्ञमंडपातून आलेला आहे. यज्ञास सांगितलेले द्रव्य मिळाले नाही तर त्याच्या जागी जे घ्यावयाचे ते प्रतिनिधी. सोमवल्ली न मिळाली तर पूतीक घ्यावा, व्रीही न मिळाले तर नीवार घ्यावे, असा शास्त्रार्थ आहे. जैमिनींनी मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात या विषयाची चर्चा केली आहे. त्या चर्चेतील एक मुद्दा असा की, प्रतिनिधी मूळ द्रव्यासारखा असावा. हाताला लागेल ती वस्तू उचलून चालत नाही. नीवार घ्यावयाचे ते व्रीहींशी त्यांचे साम्य आहे म्हणून.

नातवाला यातले किती कळले असेल देव जाणे! पण तो म्हणाला, "म्हणजे आपला प्रतिनिधी आपल्यासारखा पाहिजे." मी म्हटले, "होय." त्यावर त्याने विचारले, "तसा आपल्या गावात कोणी होता का?" मी क्षणभर गप्प राहिलो आणि मग म्हणालो, "होत्या. उद्या सकाळी चप्पल घाल, दाखवितो."

गोरेगाव हे नाव आज उपनगरी गाडीच्या फलकावर दिसते तेवढेच लोकांस ठाऊक असते. सरकारी दप्तरात याचे नाव पहाडी गोरेगाव. मुंबईच्या उत्तरेस साष्टी बेटात, पूर्वेकडील डोंगर आणि पश्चिमेकडील खाडी यांच्यामधल्या पट्टीवर हे गाव वसले आहे. पूर्वेस १९४९ साली आरे दुग्धवसाहत वसली. पश्चिमेस त्याआधीच, १९४३ साली, फिल्मिस्तान हा चित्रपटांचा कारखाना उभा राहिला होता. मुंबईच्या महापालिकेत गोरेगाव आले ते १९५७ साली. तोवर येथे ग्रामपंचायत होती. म्हणजे माझ्या जन्माच्या अगोदर थोडीच वर्षे हे खरोखरीचे गाव होते. वाड्या, विहिरी, ताडामाडांची झाडे, आणि पावसाळ्यात ओशिवरा नदीला येणारा लोंढा, असे त्याचे स्वरूप वडीलधाऱ्यांच्या तोंडून मी ऐकलेले आहे.

या भूगोलात एक मोठा विरोधाभास आहे. तो नातवाला समजावा म्हणून मी त्याच्या वहीच्या मागल्या पानावर नकाशा काढून दाखविला. मुंबई शहराला नळाचे पाणी प्रथम पुरविले ते विहार तलावाने, १८६० साली. त्याच्या जोडीचा तुळशी तलाव १८७९ साली पुरा झाला. हे दोन्ही तलाव आमच्याच पूर्वेच्या डोंगरात आहेत, आरेच्या पलीकडे. पाऊस पडावयाचा तो आमच्या डोंगरावर, साठावयाचा आमच्या उशाशी, आणि पाणी मात्र वाहत जावयाचे थेट दक्षिणेस, शहराकडे. पुढे तानसा आली, वैतरणेचे पाणी आले. तीही योजना आधी शहरासाठीच. गोरेगाव, मालाड, कांदिवली ही गावे नावाने मुंबई झाली, घरे झपाट्याने वाढली, माणसे आली. पण नळ त्या मानाने आले नाहीत. ज्यांच्या उशाशी तलाव तेच तहानलेले, हे चित्र १९६० नंतरच्या गोरेगावचे होते.

सकाळी सात वाजता आम्ही निघालो. पहिला मुक्काम स्टेशनापासून जवळच, पश्चिमेस, आरे रस्त्यावरील केशव गोरे स्मारक. या इमारतीवरून मी आयुष्यात किती वेळा गेलो असेन त्याची गणती नाही. व्याख्याने, शिबिरे, ग्रंथालय, नाटकांच्या तालमी, स्त्रियांच्या सभा असे काही ना काही येथे चालूच असते. नातवाने फलक वाचून विचारले, "हे केशव गोरे कोण?" आणि माझ्या लक्षात आले की मृणालताईंची गोष्ट येथूनच सांगावयास हवी.

मृणालताईंचा जन्म २४ जून १९२८ चा. माहेरचे आडनाव मोहिले. बुद्धी तल्लख होती. वैद्यकीच्या शिक्षणास प्रवेश मिळाला होता, आणि त्या काळी मुलीला ती वाट मिळणे ही घराण्याने मिरवावी अशी गोष्ट होती. परंतु राष्ट्र सेवा दलाच्या कामाने त्यांना ओढून घेतले आणि वैद्यकीचा अभ्यास अर्धाच राहिला. १९४८ साली त्यांनी सेवा दलातील व समाजवादी पक्षातील सहकारी केशव गोरे यांच्याशी विवाह केला. विवाह आंतरजातीय होता. आज त्याचे कोणास काही वाटणार नाही. परंतु आमच्यासारख्या घरांतून त्या काळी अशा विवाहाचा उल्लेख आवाज उतरवून करण्याची पद्धत होती, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. या दांपत्याने गोरेगावात संसार मांडला आणि गावचेच काम हाती घेतले. ग्रामपंचायतीत शिरून, घाण, पाणी, रस्ते, आरोग्य असे जे प्रश्न कोणाच्याही भाषणात शोभून दिसत नाहीत तेच त्यांनी उचलले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातही दोघे होते.

१९५८ साली केशवराव वारले. पदरी लहान मुलगी. वय अवघे तीस. अशा वेळी माहेरी निघून जाणे, किंवा एखादी नोकरी धरून आपल्यापुरते पाहणे, याला कोणी नावे ठेवली नसती. मृणालताई गोरेगावातच राहिल्या. सहकाऱ्यांच्या साह्याने पतीच्या नावे हे स्मारक उभे केले, आणि १९६१ साली मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या. ज्या घरातून त्या कामास निघत ते याच गल्ल्यांत, ज्या विहिरीचे पाणी आटले म्हणून बायका रडत ती विहीर याच वाडीत. प्रतिनिधीचे मूळ द्रव्याशी साम्य असावे म्हणतात ते असे.

येथे मला एक परदेशची गोष्ट आठवली, तीही मी नातवाला सांगितली. अमेरिकेत १७८९ साली न्यूयॉर्क येथे पहिले प्रतिनिधिगृह भरले, तेव्हा त्यांच्या राज्यघटनेने अशी मर्यादा घातली होती की तीस हजार माणसांमागे एकापेक्षा अधिक प्रतिनिधी असू नये. आणि मुदत दोनच वर्षांची ठेवली होती, हेतू हा की प्रतिनिधीला वरचेवर आपल्या माणसांसमोर येऊन उभे रहावे लागावे. त्या सभागृहाचे पहिले अध्यक्ष म्यूलेनबर्ग हे मूळचे धर्मोपदेशक होते. म्हणजे लोकांच्या घरची सुखदुःखे ज्यांच्या कानी रोज पडत असा मनुष्य. अर्थात त्या व्यवस्थेत स्त्रियांना आणि गुलामांना मत नव्हते, हा तिचा मोठाच डाग होय. परंतु प्रतिनिधी आपल्या लोकांपासून तुटू नये ही चिंता त्यांना आरंभीच पडली होती हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आज आपल्याकडे लोकसभेचा एक सभासद लाखो माणसांच्या वतीने बसतो. इतक्या माणसांसारखे एकट्याने असावयाचे ते कसे? गोरेगावच्या एका बाईने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते पाण्याच्या हंड्याने दिले.

स्मारकापासून थोडे पुढे गेलो की एका गल्लीत आमचे जुने बिऱ्हाड होते. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे वाडीची सामाईक विहीर. आज तेथे अठरा मजली इमारत आहे आणि तिच्या दारावरचा रखवालदार आम्हांला आत सोडीना. तेव्हा पदपथावरच उभे राहून मी जे सांगितले ते पुढीलप्रमाणे.

चैत्र सरला की विहिरीचा तळ दिसू लागे. अंगणातल्या नळाला पाणी यावयाचे ते अपरात्री, कधी दोन वाजता, कधी तीन, आणि धार करंगळीएवढी. आई उठे, आम्हां भावंडांपैकी एकाला उठवी, आणि हंडे, कळशा, बादल्या यांच्या रांगेत आमचा हंडा पुढे सरकवीत बसे. कित्येक रात्री नळातून नुसता वारा येई. वडील एका कचेरीत कारकून होते. अत्यंत सरळ, नेमस्त, आणि शब्दाला जागणारे गृहस्थ. त्यांनी पाण्याबद्दल तीन अर्ज लिहिले होते, तेही अशा मोत्यांसारख्या अक्षरांत की मी पुढे मुलांना कित्ता म्हणून दाखवावेत. एकाचेही उत्तर आले नाही.

अशात एके दिवशी वाडीत निरोप आला की, उद्या सकाळी रिकामे हंडे घेऊन बायकांनी कचेरीवर जावयाचे आहे, मृणालताई स्वतः पुढे आहेत. रात्री जेवताना आईने ते सांगितले. वडील म्हणाले, "आपल्यासारख्या घरच्या बायकांनी रस्त्यावर ओरडत जावयाचे, हे मला पटत नाही. चौथा अर्ज लिहितो." आई पानात ताक वाढीत होती. ती शांतपणे म्हणाली, "अर्जाला तहान लागत नाही." एवढेच. दुसऱ्या दिवशी तिने लवकर स्वयंपाक आटोपला, नेसणीचे लुगडे बदलले, पितळी हंडा कडेवर घेतला आणि ती गेली.

मी तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. शाळा सुटून घरी येत होतो तो समोरून मोर्चा परत येताना दिसला. शे-दीडशे बायका, कोळिणी, भाजीवाल्या, गिरणी कामगारांच्या बायका, आणि त्यांच्यात घोषणा देऊन आवाज बसलेली माझी आई. तिची आणि माझी दृष्टादृष्ट झाली की नाही हे मला आजही सांगता येत नाही. बरोबरच्या मुलाने बोट करून विचारले, "ती तुझी आई ना रे?" मी म्हणालो, "नाही."

वाचकहो, त्या 'नाही'ला पन्नासांहून अधिक वर्षे झाली. आईने त्याविषयी मला कधी विचारले नाही आणि मीही कधी बोललो नाही. पुढे काही वर्षांनी घरात नळ आला. ज्या दिवशी पहिल्याने पाणी आले त्या दिवशी आईने नळाला हळदकुंकू लावले, आणि पहिला तांब्या भरून वडिलांच्या हाती दिला. वडील तो घटाघटा प्याले. त्यांनी काही म्हटले नाही, परंतु पाण्याचा चौथा अर्ज लिहून तयार होता तो त्यांनी त्या रात्री फाडून टाकला, हे मी पाहिले.

नळास पाणी आले याचे सर्व श्रेय एका व्यक्तीस देणे न्याय्य होणार नाही. धरणे बांधणारे अभियंते, डोंगरांतून नळ नेणारे मजूर, नव्या योजना, या साऱ्यांचा त्यात वाटा आहे. परंतु पाणी कोणत्या दिशेस वळावे हे धरण ठरवीत नाही. ते ठरविणारे लोक वेगळे असतात, आणि त्यांच्या दारात रिकामा हंडा वाजवून 'आम्हीही आहोत' हे सांगावे लागते. हे काम मृणालताईंनी वर्षानुवर्षे, वाडीवाडीतून, झोपडपट्ट्यांतून केले, आणि त्यांना 'पाणीवाली बाई' हे नाव पडले. पदव्या विद्यापीठे देतात. ही पदवी नळावरच्या रांगेने दिली.

१९७२ साली त्या विधानसभेवर निवडून गेल्या. ते वर्ष दुष्काळाचे. धान्य महागले, रॉकेल मिळेना, तेल दिसेना. अहिल्याबाई रांगणेकर, तारा रेड्डी, कमल देसाई, प्रमिला दंडवते अशा निरनिराळ्या पक्षांच्या स्त्रियांना बरोबर घेऊन त्यांनी महागाईविरुद्ध संयुक्त आघाडी उभारली. लाटणी आणि थाळ्या वाजवीत निघालेले ते मोर्चे मुंबईने पूर्वी कधी पाहिले नव्हते. स्वयंपाकघरातील वस्तूच आयुध झाल्यामुळे जी स्त्री कधी सभेस गेली नाही तीही घराबाहेर पडली. आमच्या आईचे लाटणे त्या वर्षी दोनदा बाहेर गेले. या खेपेस वडिलांनी चौथ्या अर्जाची गोष्ट काढली नाही. "डोक्यावर पदर घे, ऊन आहे," एवढेच ते म्हणाले.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. मृणालताई काही महिने भूमिगत राहून काम करीत होत्या. पुढे पकडल्या गेल्या आणि अकोल्याच्या तुरुंगातही त्यांनी दिवस काढले. मार्च १९७७ च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून जनता पक्षातर्फे लोकसभेस उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. 'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में' ही हिंदी घोषणा तेव्हा गोरेगावच्या भिंतीभिंतीवर होती आणि पोरांच्या तोंडी होती. मतदानाच्या दिवशी वडील पहाटे उठले, स्नान करून धूतवस्त्र नेसले आणि केंद्र उघडण्यापूर्वीच रांगेत जाऊन उभे राहिले. मत कोणाला दिले हे त्यांनी सांगितले नाही. ते सांगावयाचे नसते, असे त्यांचे मत होते. पण परत आल्यावर त्यांनी आईजवळ चहा मागितला तेव्हा त्यांच्या मुद्रेवर जे समाधान होते ते मी सणासुदीलाही क्वचित पाहिले.

दिल्लीत त्यांना मंत्रिपद देऊ केले असता त्यांनी ते घेतले नाही. याची थोरवी मी फार वाढवून सांगू इच्छीत नाही, कारण चांगल्या मनुष्याने अधिकार घेऊ नये असे म्हणणेही बरे नव्हे. अधिकारावाचून पुष्कळ कामे अडतात. परंतु आपले बळ कोठून येते याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता, एवढे त्यावरून दिसते. ती लोकसभा १९७९ मध्ये बरखास्त झाली, जनता पक्ष फुटला, आणि ज्यांनी मोठ्या आशा धरल्या होत्या ते खिन्न झाले. समाजवादी मंडळींचा पक्ष कितीदा जुळला आणि कितीदा मोडला याचा हिशेब ठेवणे माझ्यासारख्या मास्तरलाही कठीण गेले आहे. मृणालताई मात्र परत गोरेगावात आल्या आणि पुढच्या कामास लागल्या.

ते पुढचे काम दाखवावयास मी नातवाला रिक्षाने पूर्वेस नेले. वाटेत स्वामी विवेकानंद मार्गाकडून द्रुतगती महामार्गाकडे जाणारा जो पूल २०१६ साली वाहतुकीस खुला झाला, त्याला मृणालताई गोरे यांचे नाव आहे. खाली रेल्वेचे रूळ. समोर पूर्वेचे डोंगर. रिक्षावाला बिहारकडचा दिसला. मी त्याला विचारले, "या पुलाचे नाव काय?" तो म्हणाला, "राममंदिरवाला पूल." त्याचा काय दोष? त्याला ते नाव सांगणारे कोण होते? आम्हीच ना?

महामार्ग ओलांडून दिंडोशीकडे गेलो की नागरी निवारा परिषदेची घरे लागतात. १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणेचा कायदा झाला. कायद्याचा उद्देश असा की, मोजक्या हातांत साचलेली जास्तीची जमीन काढून घेऊन ती सामान्यांच्या घरांसाठी वापरावी. उद्देश कागदावर राहिला आणि जमीन जागच्या जागी राहिली. तेव्हा मृणालताई व बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेच्या द्वारे हा प्रश्न धसास लावला. कचेऱ्या, न्यायालये, सभा, मोर्चे या सर्व वाटांनी कित्येक वर्षे झगडून दिंडोशीची जमीन मिळविली आणि तेथे बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांसाठी सुमारे सहा हजार घरे उभी राहिली. शिक्षक, कारकून, परिचारिका, कामगार अशांना मुंबईत आपल्या नावाचे दार मिळाले. माझ्याबरोबरच्या दोन शिक्षकांना तेथे घर मिळाले. मी अर्ज केला नाही. वर्गणी भरा, सभांना या, मोर्चात चला, असे सांगत त्यातले एकजण माझ्याकडे तीन वेळा आले होते. मला सभांस जाणे जमत नाही, असे मी सांगितले. खरे कारण निराळे होते. रस्त्यावर उभे राहण्याची मला लाज वाटत होती. सातव्या वर्षी वाटली तीच.

त्या घरांच्या मधल्या अंगणात आम्ही एका बाकावर बसलो. दोन वृद्ध गृहस्थ फिरून आले होते, बायका भाजी निवडीत होत्या, मुले सायकली फिरवीत होती. कोणत्याही वसाहतीत दिसावे तसेच हे दृश्य. परंतु यातील प्रत्येक दारामागे कोणीतरी कित्येक उन्हाळे पायपीट केलेली आहे, हे ठाऊक असल्यावर ते निराळे दिसू लागते.

१९८५ साली मृणालताई पुन्हा विधानसभेवर गेल्या. विरोधी पक्षनेतेपदही त्यांनी भूषविले. या काळातील त्यांच्या एका कामाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. गर्भातील मूल मुलगी आहे असे कळले की गर्भ पाडण्याची दुष्ट चाल मुंबईच्या सुशिक्षित वस्त्यांतून तेव्हा फोफावत होती. स्त्री-संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठविला. मृणालताईंनी तो विधानसभेत नेला. १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगचिकित्सेवर निर्बंध घालणारा कायदा केला. असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, १९९४ मध्ये आला. ज्यांना अजून नाव नव्हते, मत नव्हते, हाक मारावयास कंठही नव्हता, त्यांचेही प्रतिनिधित्व कोणी करावे लागते. आणि येथे दोष अडाण्यांचा नव्हता, आमच्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांचाच होता, हे आपण विसरता कामा नये.

१७ जुलै २०१२ रोजी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या निवर्तल्या.

त्यांचे सर्वच काम सिद्धीस गेले असे नाही. गोरेगावच्या डोंगरउतारावरील वस्त्यांतून आजही पाण्यासाठी रांगा लागतात. कमाल धारणेचा तो कायदाच महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. घरांच्या किमती अशा वाढल्या की ज्या शिक्षकाला तेव्हा घर मिळाले त्याच्या मुलाला आज त्याच वसाहतीत घर घेणे झेपणार नाही. केवळ यशाच्या मापाने मोजावयाचे तर हिशेबात पुष्कळ तूट दिसेल.

परतीच्या वाटेवर नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, तुम्ही काल सांगितले ते यज्ञाचे. सगळ्यांनाच प्रतिनिधी चालतो का?" मुलाच्या तोंडून कधी कधी मोठा प्रश्न सहज निघतो. मी त्याला सांगितले की, नाही, चालत नाही. मीमांसकांनी द्रव्याला प्रतिनिधी मान्य केला. परंतु ज्या देवतेसाठी यज्ञ करावयाचा तिला प्रतिनिधी नाही, मंत्राला नाही, आणि यजमानालाही नाही. ज्याचा यज्ञ त्यानेच तेथे असले पाहिजे, कारण फळ त्याचे आहे. यजमानाने घरी बसून दुसऱ्याला आपल्या जागी बसविले तर तो यज्ञ त्याचा राहत नाही.

मृणालताईंच्या चरित्राचे मर्म मला येथे दिसते. त्यांनी लोकांच्या वतीने पाणी मागितले, असे म्हणणे अपुरे आहे. त्यांनी हंडा लोकांच्याच हातात ठेवला आणि म्हटले, चला. आई गेली. वडिलांना पोहोचावयास दहा वर्षे लागली, पण तेही धूतवस्त्र नेसून रांगेत उभे राहिले. मी मात्र फळ्यावर व्याख्या लिहीत राहिलो. स्मारकापासून ज्या शाळेत मी शिकविले ती पायी दहा मिनिटांच्या अंतरावर. परंतु तीस वर्षांत एकदाही मी वर्ग घेऊन तेथे गेलो नाही, की 'मुलांनो, पुस्तकातला प्रतिनिधी हा येथे राहतो' असे सांगितले नाही.

घरी आल्यावर नातवाने वहीतली चिकटविलेली चित्रे काढली नाहीत. आताचे प्रतिनिधीही प्रतिनिधीच आहेत असे तो म्हणाला, आणि ते खरेच आहे. शेवटच्या पानावर त्याने मृणालताईंविषयी लिहिले. त्याखाली एक ओळ लिहून ती मला वाचावयास दिली : 'माझी पणजीपण त्यांच्याबरोबर गेली होती.'

मी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. शुद्धलेखनाची एक चूक होती. ती मी दुरुस्त केली नाही. त्याला म्हणालो, "त्या दिवशी मला एका मुलाने विचारले होते, ती तुझी आई ना?" आणि त्याला मी काय उत्तर दिले होते, ते पुन्हा एकदा सांगितले. तो म्हणाला, "मग आता कोणी विचारले तर?"

आता विचारणारे कोणी उरले नाही. म्हणून येथे लिहून ठेवतो : होय, ती माझीच आई.